मला सांगायचं होतंत, भावजी

भावजी, मी तुमच्यावर रागावले आहे. आधी ते सांगून टाकते, मग बाकीचं. माणूस गेल्यावर चांगलं तेवढंच बोलावं हे मला ठाऊक आहे आणि तुम्ही गेल्यापासून मी तेच करत होते. शेजारची जशुबेन आली तिच्याजवळ बोलले, अहमदाबादहून नातलग आले त्यांच्याजवळ बोलले, तुमच्या मिलमधले लोक आले त्यांच्याजवळही. तुम्ही किती शांत होतात, किती जपून वागायचात, नवऱ्यामागे त्याच्या धाकट्या भावाने मला कधी परकं वाटू दिलं नाही. सगळं खरं आहे. पण परवाच्या शुक्रवारी भटूने जे सांगितलं, त्यानंतर माझ्या तोंडून चांगलं निघेना. म्हणून तुमच्याशीच बोलते. नाहीतरी या घरात आता दुसरं कोण आहे ऐकायला.

घर फार गप्प झालंय. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी खाकरल्याशिवाय कधी आत आला नाहीत. मी चिडायचे. ‘या हो, मी काय राणीसाहेब आहे का,’ म्हणायचे. तुम्ही हसायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाकरायचात. आता चहा उकळून पार वर येतो तरी मी गॅसशी उभीच. कशाची वाट बघतेय ते मलाच उशिरा कळतं, तोवर चहा उतू गेलेला असतो.

तुमचे भाऊ दारूने गेले. गुजरातेत दारूबंदी, पण सुरतेत आपल्या उधन्याच्या मागच्या गल्लीत भट्टीची हवी तेवढी मिळायची आणि तुम्ही दोघे मिळून आणायचात. ते गेले तेव्हा आपण यहुदी रीतीप्रमाणे सात दिवस जमिनीवर बसलो. तुमचे हात थरथरत होते. लोकांना वाटलं, भावाचं दुःख. मला माहीत होतं कशाने थरथरतायत ते. सातव्या दिवशी लोक उठून गेले आणि मी तुमच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, ‘पुन्हा या घरात कोणी प्यालं तर मी इथे राहायची नाही. माझा भाऊ लोदला आहे. इस्रायलला निघून जाईन. मग तुम्ही आणि तुमची बाटली.’

तुम्ही फक्त मान हलवलीत. ना वाद, ना शपथ. मला तेवढं पुरलं.

त्यानंतर तुम्ही कसे जगलात ते मी पाहिलंय. बॉयलरवरची पाळी संपवून पांडेसऱ्याहून सरळ घरी यायचात, अंघोळ करायचात आणि बाहेरच्या खोलीत नुसते बसायचात. आठवड्याचे बाकी दिवस कसेबसे निभायचे. शुक्रवारची संध्याकाळ मात्र तुम्हाला सोसायची नाही. मी शब्बाथचा दिवा लावायचे, टेबलावर पांढरी चादर घालायचे आणि त्या भरल्या टेबलाशी आपण दोघंच. पूर्वी त्या वेळी तुमचे भाऊ मोठ्याने प्रार्थना म्हणायचे आणि उरकली की दोघे मागच्या गल्लीत. तुमची नजर सारखी दाराकडे जायची. मी बघायचे आणि तुमच्या पानात आणखी वाढायचे.

मग एका शुक्रवारी तुम्ही भटूला घेऊन आलात. दोंडाईच्याकडचा, छपाईच्या टेबलावर काम करणारा, डोळे पिवळे, बायको माहेरी निघून गेलेली. दारातच म्हणालात, ‘वहिनी, हा आपल्याबरोबर जेवेल. याचीही शुक्रवारची पंचाईत आहे.’ मी म्हटलं, शब्बाथच्या टेबलावर असला माणूस. तुम्ही म्हणालात, ‘असलाच मीपण आहे.’ मी तिसरं ताट घेतलं.

पेला बघून तो भटू दचकला होता, आठवतं? उठायलाच निघाला. तुम्ही त्याला खांद्याला धरून बसवलंत आणि समजावलंत. आमचा शनिवार शुक्रवारी दिवे लागले की सुरू होतो, पेला हातात घेऊन देवाचे आभार मानायचे, मग सगळ्यांनी घोट घोट घ्यायचा, याला किद्दुश म्हणतात. जगातले बाकीचे यहुदी वाईनवर म्हणतात, आम्ही कोकणातले बेने इस्रायल काळ्या मनुकांच्या सरबतावर. भटूने हुंगलं, जिभेला लावलं आणि म्हणाला, ‘हे तर आमच्या मायच्या हातच्या खिरीगत गोड शे.’ माझा राग तिथेच गेला. त्याला मी दुसऱ्यांदा वाढलं.

एकाचे दोन झाले, दोनाचे बरेच. धुळ्याकडचे, जळगावकडचे, नांदेड-परभणीचे, वापीहून येणारा आपला शिमोन. सगळे डोक्यावर रुमाल टाकून बसायचे. चपातीचा तुकडा मिठाला लावून खायचा, सरबत घ्यायचं, मग तुम्ही मधलं दार लोटायचात आणि एकेकाने बोलायचं. आपल्या गुजरातेत ‘मी पितो’ असं चारचौघांत म्हणणं म्हणजे पोलिसाला घरी बोलावणं. म्हणून गल्लीला सांगितलं होतं, प्रार्थना चालते. खोटंही नव्हतं ते. जशुबेन कौतुकाने विचारायची, ‘तमारामां आटला बधा लोको छे?’ मी म्हणायचे, ‘आमच्यातले लोक वाढतायत हो, देवाची कृपा.’

तुमचे नियम दोनच. इथे बोललेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. आणि नवा माणूस दाराजवळच्या खुर्चीत बसेल, म्हणजे घाबरला तर उठून जाता येईल, कोणी अडवायचं नाही. जो पुन्हा घसरला असेल त्यानेही तिथेच बसायचं, पहिल्यापासून सुरुवात. तुमची खुर्ची पंख्याखाली, टेबलाच्या टोकाला.

एकदा तो हवालदार आला. काठी आपटत दारात उभा. ‘अहीं दर शुक्रवारे शुं चाले छे?’ तुम्ही त्याला शांतपणे बसवलंत आणि सरबताचा पेला पुढे केलात. त्याने हुंगला, पुन्हा हुंगला, प्यायला, आणखी मागितला आणि जाताना मला विचारलं की मनुका किती वेळ भिजत घालायच्या. पुढे पावसाळा उलटल्यावर तोच माणूस साध्या कपड्यांत आला आणि काही न बोलता दाराजवळच्या खुर्चीत बसला. त्या रात्री जेवताना आपण दोघं किती हसलो. हसता हसता तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पाहिलं, पण विचारलं नाही.

हे सगळं माझं चांगलं आयुष्य होतं, भावजी. कधी म्हटलं नाही तुम्हाला. शुक्रवारी सकाळपासून माझी धावपळ असायची आणि मी कुरकुरायचे की माझ्या घराची धर्मशाळा केलीय, पण मला कोणीतरी लागत होतं हो, ज्यांच्यासाठी कुरकुरावं असं. मधल्या दाराआड मी एकटी भांडी आवरायचे. पलीकडे पुरुषांचं हलक्या आवाजातलं बोलणं, शब्द कळायचे नाहीत, मी कधी कान लावले नाहीत. नियम म्हणजे नियम, तो मलाही होता.

मग चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात प्लेग आला. आपल्या सणांचे दिवस होते. गुरुवारी सकाळी मी सणाचा शुक्रवार म्हणून नेहमीच्या दुप्पट मनुका मोठ्या पातेल्यात भिजत घातल्या आणि दुपारपर्यंत सगळं शहर पळायला लागलं. तोंडाला रुमाल बांधून माणसं स्टेशनकडे धावत होती. मिल बंद, माग बंद. आपले खानदेशी लोक मिळेल त्या गाडीने नंदुरबारकडे. तुम्ही माझी पिशवी भरलीत आणि मला शिमोनबरोबर ठाण्याला बहिणीकडे धाडलंत. ‘तुम्ही पण चला,’ म्हटलं तर म्हणालात, ‘दोघं-तिघं अजून खोल्यांवर पडून आहेत, त्यांना गोळ्या पोचवायच्यात. दोन दिवसांत येतो.’ आला नाहीत. गाडीत बसताना मी तुमच्यावर ओरडत होते आणि तुम्ही रुमालाआडून हसत होतात.

मी परत आले तेव्हा तुम्ही निम्मे झाला होतात. दाढी वाढलेली, डोळे खोल. मला वाटलं, आजाऱ्यांची सेवा, उपासमार. पातेलं घासून पालथं घातलं होतं. मी त्याच्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. कोण विचारतं पातेल्याबद्दल.

त्यानंतरचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मला काही कळलं नाही, याचाच मला संताप येतो. लोक परतले, बैठक सुरू झाली आणि तुम्ही पंख्याखालची खुर्ची सोडून दाराजवळ बसायला लागलात. मी विचारलं तर म्हणालात, ‘इथे वारा बरा लागतो.’ सुरतेच्या उकाड्यात पंखा सोडून कोणाला दारात वारा लागतो? पण मी मानलं. बरेच महिने तुम्ही तिथे बसलात. मग एक दिवस पुन्हा आपल्या जागेवर.

आणि त्या मनुका. ‘वहिनी, यापुढे उकळून घ्या, आणि त्याच दिवशी करा, त्याच दिवशी संपवा.’ मी उसळले. माझ्या आईने नाही उकळल्या, तुमच्या आईने नाही. भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. उकळलं की सरबताचा काढा होतो. ‘काढा तर काढा,’ म्हणालात. तुम्ही माझ्या स्वयंपाकात कधी नाक खुपसलं नव्हतं आणि ही एक गोष्ट मात्र सोडायला तयार नाही. दर शुक्रवारी आपला वाद. मी मुद्दाम पातेलं आदळायचे. तुम्ही दाराशी उभे राहून उकळी येईपर्यंत बघायचात आणि मगच बाहेर जायचात. तुमच्या शेवटच्या शुक्रवारीसुद्धा मी म्हटलं होतं, ‘म्हातारपणी माणूस हेकट होतो.’ तेच माझं तुमच्याशी शेवटचं भांडण. दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर वाचता वाचता तुमची मान कलली.

तुम्हाला अहमदाबादला नेलं, कारण प्रार्थनेला लागणारी आपली दहा माणसं इथे जमली नसती. आपल्या घरच्या रीतीने मी मागे घरीच थांबले. भटू आणि सगळे गेले होते. कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर रुमाल डोक्याला बांधून उभे राहिले, असं शिमोन म्हणाला. मग आत बोलावलं त्यांना. तुम्ही तिकडे लांब आणि मी इथे. कधी वाटलं म्हणून जाऊन बसावं, तर तेही नाही.

परवाच्या शुक्रवारी मी बैठक ठेवली. माझ्या मनात बंद करायचं होतं, पण दुपारपासून हात आपोआप कामाला लागले. शिमोनला वापीहून येणं जमलं नाही, मग किद्दुश मीच म्हटलं. बायकांनी म्हणावं की नाही, माहीत नाही. नंतर मी आत जायला निघाले तर भटू म्हणाला, ‘भाभी, आज बसा.’ म्हणून मी बसले. पहिल्यांदाच. त्यांना धीर वाटावा म्हणून बोलले, ‘तुमच्या काकांकडे बघा. भाऊ गेला त्या दिवशी सोडली ती सोडली. मरेपर्यंत एका थेंबाला शिवले नाहीत.’ अभिमानाने बोलले हो.

कोणी वर बघेना. हवालदार आपल्या बोटांकडे बघत बसला. मला वाटलं, रडू येतंय सगळ्यांना. मग भटूच बोलला. ‘भाभी, तुम्हले खरंच माहीत नही? तुम्ही तर दाराआडच राहत होता. आम्हले वाटे तुम्हले सगळं ऐकू जातं.’

हवालदार त्याच्यावर डाफरला, ‘गप बस ना.’ मी म्हटलं, ‘आता बोल.’

मग त्याने सांगितलं. प्लेगच्या पहिल्या शुक्रवारी तुम्ही माझ्याच पातेल्यातल्या मनुका कुस्करल्यात, गाळल्यात आणि रिकाम्या टेबलाशी एकट्याने किद्दुश म्हटलंत. घोटभर घेतलंत. उरलेलं टाकायला मन होईना, शब्बाथच्या पेल्याचं मोरीत कसं ओतायचं. झाकून ठेवलंत. दिवसभर खोल्या पालथ्या घालायचात, घरी फक्त पाठ टेकायला यायचात. दुसरा शुक्रवार आला. दुकानं बंद, मनुका कुठल्या मिळायला. आणि शब्बाथ तर सोडायचा नाही. तुम्ही झाकण काढलंत. फेस आलेला. वास तुम्हाला पुरता ठाऊक होता. भटू म्हणाला, काकांनी आम्हाला एवढंच सांगितलं, ‘देवाचं नाव घेऊन पहिला पेला प्यायलो. बाकीचं पातेलं देवाचं नाव न घेता.’

लोक परतल्यावर पहिल्याच बैठकीत तुम्ही दाराजवळच्या खुर्चीत बसलात आणि हे सगळ्यांना सांगितलंत. हात जोडून एकच गोष्ट मागितलीत, वहिनींना कळू देऊ नका, त्या निघून जातील. आणि त्या पोरांनी शब्द पाळला. आधी ‘प्यालो नाही’ म्हणून बायकोसमोर सतरा वेळा खोटं बोललेली माणसं ती, पण तुमच्यासाठी चार वर्षं गप्प राहिली. वापीचा शिमोनसुद्धा. सगळ्या सुरतेत मला एकटीला माहीत नव्हतं.

ते गेल्यावर मी पंख्याखाली बसून राहिले. आधी राग आला तो पिण्याचा नव्हता, खरं सांगते. ओसाड शहर, माणसं मरतायत, घरात चिटपाखरू नाही आणि समोर तो वास. मी तुमच्या भावाबरोबर संसार केलाय, मला कळतं ते. राग याचा आला की तुम्ही रोज माझ्यासमोर बसून जेवत होतात आणि हे पोटात ठेवून जेवत होतात. मी मीठ जास्त पडलं का विचारायचे, तुम्ही नाही म्हणायचात. एवढं मोठं ओझं घेऊन माणूस समोर बसतो आणि मी मिठाचं विचारते. एकटी मी आहे असं मी समजत होते. भांडी घासताना, दिवा लावताना, सणाला, मनात तेच घोळवायचे, आपलं कोणी नाही. आणि भिंतीपलीकडे तुम्ही माझ्याहून एकटे.

आता आठवतंय. पोस्टमन दिसला की तुम्ही विचारायचात, ‘लोदचं पत्र आलं का?’ प्लेगच्या आधी कधी विचारलं नव्हतं. मी ठसक्यात म्हणायचे, ‘आलं की सांगेन. बोलवतोय भाऊ, बघू.’ तुमचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं, बरं आहे, थोडा धाक असलेला बरा, माणूस सरळ राहतो. सरळच राहिलात तुम्ही. भटू म्हणतो, त्या दुसऱ्या शुक्रवारनंतर पुन्हा कधीच नाही.

मी खरंच गेले असते का, हे तुम्ही विचारायला हवं होतंत. मी चिडले असते. चार भांडी फेकली असती. अबोला धरला असता, तुमचं ताट नुसतं पुढे सरकवलं असतं, जशुबेनकडे जाऊन रडले असते. तुम्ही जो दुसरा शुक्रवार इथे काढलात ना, त्याच शुक्रवारी ठाण्यात बहिणीच्या घरी सगळे मला धरून बसले होते. बहीण, तिचे जावई, शेजारचे आपले लोक. सुरतेत आता काय ठेवलंय, तुझा भाऊ कागद पाठवायला तयार आहे, इथूनच लोदला जा, परत फिरूच नकोस. मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं, मी कुठेही जाणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही, काही झालं तरी नाही, तिथे माझे भावजी आहेत. बहिणीला सांगितलं, जावयांना सांगितलं, लोदच्या भावाला फोनवर सांगितलं. सगळ्यांना सांगितलं, भावजी. तुम्हालाच तेवढं सांगितलं नाही.